दाराबाहेरचा माणूस

छायाचित्रकाराने आठवणी लिहाव्यात ही कल्पना प्रथमदर्शनी थोडी चमत्कारिकच वाटते. क्षण पकडून कागदावर उतरवून ठेवणे हेच ज्याचे आयुष्यभराचे काम, त्याला पुन्हा शब्दांची उसनवारी करावी का लागावी? चित्रकार आठवणी लिहितो तेव्हा आपल्याला नवल वाटत नाही. त्याचे चित्र आणि ज्यावरून ते काढले ती वस्तू यांच्यात पुष्कळ अंतर असते, आणि त्या अंतरात सांगण्याजोगे बरेच काही घडलेले असते. छायाचित्रात तसे अंतर दिसत नाही. समोर होते ते आले, एवढाच हिशेब. मग सांगायचे उरले काय? उरला तो कॅमेऱ्यामागचा माणूस. तो कुठे उभा होता, किती वेळ उभा होता, त्याला तिथे कोणी उभे राहू दिले, यांतले काहीच छायाचित्रात उमटत नाही. नटनट्या आणि थोरामोठ्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांच्या आठवणी मी जेव्हा जेव्हा वाचतो, ऐकतो, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की हा गृहस्थ दाराच्या आत होता की बाहेर?

मी काही छायाचित्रणाचा जाणकार नव्हे. कन्नडसारख्या तालुक्याच्या गावी शाळामास्तरकी करणारा, मॅट्रिकपलीकडे न गेलेला आणि चारदोन कादंबऱ्या नावावर असलेला मी माणूस. पण कादंबरीकार हाही दुसऱ्यांच्या आयुष्याकडे टक लावून पाहणाराच प्राणी, आणि म्हणून या लोकांच्या आठवणींत मला माझ्या धंद्याचे काही सापडते. कधी कधी नको ते सापडते. त्याविषयी पुढे लिहीन.

दाराबाहेर उभे राहणाऱ्या छायाचित्रकाराला आज साऱ्या जगात ‘पापाराझी’ म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही; ‘पाळतकरी’ असा एक शब्द मी वर्गात सुचवून पाहिला, मुले हसली. मूळ शब्द एका पात्राचे नाव आहे. फेलिनी या इटालियन दिग्दर्शकाचा ‘ला दोल्चे व्हिता’ हा चित्रपट १९६० साली आला. त्यातल्या छायाचित्रकाराचे नाव पापाराझो. रोम शहरातल्या व्हिया व्हेनेतो या रस्त्यावर नटनट्यांच्या मागे धावणारी छायाचित्रकारांची एक टोळी त्या काळी खरोखरीच होती, आणि तिच्यातला ताझ्झिओ सेक्कियारोली हा या पात्रामागचा खरा माणूस म्हणून ओळखला जातो. एका माणसाचे नाव पुढे साऱ्या जातीचे झाले. आपल्याकडे शकुनी आणि नारद यांचे जसे झाले तसेच.

या चित्रपटात एक प्रसंग आहे. एका सुसंस्कृत गृहस्थाने आपली दोन्ही लहान मुले मारून स्वतःचाही जीव घेतलेला आहे. त्याची बायको बाहेर गेलेली आहे. तिला यातले काही माहीत नाही. ती बसमधून उतरून घराकडे येते आणि छायाचित्रकारांचा घोळका तिच्याभोवती पडतो. ती बावरते, हसते आणि विचारते, की तुम्ही मला कोणी नटी समजलात की काय? त्या हसण्याचीही छायाचित्रे निघतात. बातमी कळण्याच्या आधीचा चेहरा, बातमी कळल्यानंतरचा चेहरा, आणि या दोहोंमधला तो अर्धा मिनिट. पापाराझींविषयी पुढे जगात जे जे लिहिले गेले, खटल्यांत बोलले गेले, ते सारे त्या अर्ध्या मिनिटात आधीच सांगून झालेले आहे असे मला वाटते. फेलिनीने तिथे उपदेश केलेला नाही, हे विशेष. त्याने फक्त त्या बाईला हसू दिले.

आता या टोळीतल्या माणसाने स्वतः आठवणी सांगितल्या तर काय सांगतो, ते पाहू. अमेरिकेतला रॉन गॅलेला हा या धंद्यातला सर्वांत गाजलेला माणूस. १९३१ साली जन्मला, २०२२ साली वारला. तो तरुणपणी हवाई दलात छायाचित्रकार होता, नंतर रीतसर छायाचित्रण शिकला. त्याने १९७४ साली आपल्या सर्वांत आवडत्या सावजावर एक पुस्तकच काढले. त्याचे नाव ‘जॅकलिन’. अध्यक्ष केनेडींची विधवा, पुढे ओनासिसशी लग्न केलेली, तीच ही जॅकलिन. या माणसाने तिचा पाठलाग किती वर्षे आणि कसा केला हे न्यायालयाच्या निकालपत्रातच नमूद आहे. इमारतींच्या दरवानांना त्याने पैसे चारले, तिच्या घरच्या एका मोलकरणीशी प्रेमाचे नाटक केले, तिचा मुलगा सायकल चालवीत असताना त्याच्या वाटेत उडी घेतली, ती पोहत असताना यांत्रिक होडी तिच्याजवळ नेली. आणि गंमत अशी की न्यायालयात आधी हाच गेला! आपल्या धंद्यात अडथळा आणतात म्हणून त्याने तिच्यावर फिर्याद लावली. मग तिने उलट फिर्याद केली. १९७२ साली न्यायाधीशाने निकाल दिला की याने तिच्यापासून ५० यार्ड दूर राहावे. तो अपिलात गेला, आणि १९७३ साली ते अंतर २५ फुटांवर आले.

२५ फूट म्हणजे सुमारे आमच्या वर्गाची लांबी. फळ्यापासून मागच्या बाकापर्यंतची. मागच्या बाकावरचा मुलगा रडला आहे की नुसताच झोपेतून उठला आहे, हे फळ्यापाशी उभे राहून सांगता येत नाही, हे मी वीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. न्यायाधीशांनी हे अंतर कोणत्या विचाराने ठरवले असेल ते असो. पण दुसऱ्याच्या दुःखाशी किती अंतर राखावे हे फुटपट्टीने मोजून सांगण्याची पाळी कायद्यावर यावी, यात या साऱ्या व्यवहाराचे दैन्य उघड होते.

गॅलेलाच्या सांगण्यात रंगलेले काय असते, तर शिकार. कुठल्या झाडाआड लपलो, कुठल्या उपाहारगृहात कोटांच्या रांगेमागे दडून बसलो, टॅक्सी कशी पकडली. १९७३ साली मार्लन ब्रँडोने त्याच्या जबड्यावर ठोसा मारला, जबडा मोडला, पाच दात पडले; नंतर ब्रँडोच्या मागे जाताना गॅलेला डोक्यावर फुटबॉलपटूचे शिरस्त्राण घालून गेला आणि तसे स्वतःचे छायाचित्रही काढवून घेतले. हा भाग वाचताना हसू येते आणि माणूस चक्क आवडू लागतो. पण ज्या बाईसाठी एवढा खटाटोप केला ती बाई मात्र त्याच्या आठवणींत कुठे भेटत नाही. ती येते, वळते, काळा चश्मा लावते, पळते. हरिणाविषयी शिकाऱ्याला जेवढे ठाऊक असते तेवढेच याला तिच्याविषयी ठाऊक. तिच्या सवयी ठाऊक, वेळा ठाऊक. ती ठाऊक नाही. शिकारकथांच्या वाङ्मयात हा दोष जुनाच आहे. तिथे वाघ कितीही मोठा असो, कथा शिकाऱ्याचीच असते.

इथवर सोपे आहे. अवघड गोष्ट पुढे आहे, आणि ती टाळून गेलो तर ही टीका प्रामाणिक होणार नाही.

७ ऑक्टोबर १९७१ रोजी गॅलेलाने या बाईचे एक छायाचित्र काढले. न्यूयॉर्कच्या रस्त्याने ती चालली होती. हा टॅक्सीत बसून तिला गाठत होता. टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवला, ती वळली. कॅमेरा याने डोळ्याला लावलेलाच नव्हता, त्यामुळे हा कोण हे तिला कळले नाही. वाऱ्याने केस चेहऱ्यावर आलेले, ओठांवर हसू उमटण्याच्या बेतात असलेले. गॅलेला या छायाचित्राला आपली मोनालिसा म्हणत असे. आपण त्याला कितीही नावे ठेवली तरी ते छायाचित्र सुंदर आहे, हे नाकारता येत नाही. त्या बाईची किती तरी रीतसर, परवानगीची, दिव्यांच्या उजेडातली छायाचित्रे आहेत. त्यांत ती राणीसारखी बसलेली असते. इथे ती माणूस आहे. जिने त्याला न्यायालयात खेचले तिचे असे जिवंत चित्र त्यानेच काढावे! परवानगीवाचून काढलेले सारे खोटे आणि परवानगीने काढलेले सारे खरे, असा सरळ हिशेब कलेत चालत नाही. चालता तर माझ्यासारख्याला फार बरे झाले असते.

आता आतल्या माणसाकडे वळू. मराठी वाचकाला हे नाव परके नाही. गौतम राजाध्यक्ष, जन्म १९५०, मृत्यू २०११. जाहिरातीच्या धंद्यातून आलेला हा माणूस १९८०च्या सुमारास नटनट्यांची छायाचित्रे काढू लागला आणि पुढची तीस वर्षे हिंदी व मराठी चित्रसृष्टीचा एकही चेहरा त्याच्या कॅमेऱ्यातून सुटला नाही असे म्हटले तरी चालेल. त्याने ‘चंदेरी’ या चित्रपटविषयक मराठी नियतकालिकाचे संपादन केले, चित्रपटकथा लिहिल्या. १९९७ साली त्याचे ‘फेसेस’ हे मोठ्या आकाराचे पुस्तक निघाले; मराठीत ‘चेहरे’ हे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. नटी घरी बोलावते, चहा देते, आरशासमोर बसते, आणि मग याचे दिवे लागतात. हा दाराबाहेर कधीच नव्हता.

राजाध्यक्षांचा उजेड मऊ आहे. चेहऱ्यावरून तो मोरपिसासारखा फिरतो. ज्या चेहऱ्यांनी पडद्यावर आपल्याला रडवले, घाबरवले, ते इथे शांत झोपून उठल्यासारखे दिसतात. आमच्या पिढीने या चेहऱ्यांवर किती प्रेम केले हे सांगायला नको; सलूनच्या भिंतीवर, वह्यांच्या पुठ्ठ्यांवर याच जातीची छायाचित्रे होती. पण ओळीने दहावीस चेहरे पाहिले की हळूहळू एक शंका डोके वर काढते. या चेहऱ्यांवर काही घडून गेल्याची खूण का नाही? छायाचित्रकार स्नेही आहे, पाहुणा आहे, आणि पाहुण्याने यजमानाच्या घरातली कोळिष्टके पाहायची नसतात. ही सभ्यता आहे, आणि मला तिचा आदर वाटतो. तरीही ज्याला सारे दिसले असणार त्याने चांगले तेवढेच दाखवले, तर वाचकाच्या वाट्याला नुसता सत्कारसमारंभ येतो. बाहेरच्याला आत काय आहे ते कळत नाही. आतल्याला ते सांगता येत नाही. दोघांच्याही आठवणी अपुऱ्या राहतात, कारणे मात्र अगदी उलट.

१९९७ हे ‘फेसेस’चे साल. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला पॅरिसच्या एका बोगद्यात डायना वारली, आणि पापाराझी हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला. मोटारसायकलींवरून छायाचित्रकार मागे लागलेले होते. लंडनच्या चौकशीत २००८ साली पंचांनी दोष ठेवला तो तिच्या चालकाच्या आणि मागून येणाऱ्या वाहनांच्या बेफाम हाकण्यावर. मी तेव्हा शाळकरी होतो. आमच्या आळीतल्या बायका रेडिओवरची बातमी ऐकून हळहळल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बायकांनी वर्तमानपत्रातली तिची छायाचित्रे कापून ठेवली. मी त्यांना हसत नाही. पाहण्याची भूक आणि पाहिल्याची शरम एकाच घरात नांदतात, एवढेच म्हणतो.

आत आणि बाहेर यांच्यामध्ये, उंबऱ्यावर उभे राहून काम करता येते का? येते, असे होमाई व्यारावालांकडे पाहून म्हणावेसे वाटते. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या या पारशी बाई म्हणजे भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. दिल्लीत साडी नेसून, सायकलवर सामान बांधून त्या नेहरू, माउंटबॅटन यांच्या काळातली छायाचित्रे काढीत हिंडल्या. त्यांचे एक छायाचित्र मला फार आवडते. विमानतळावर नेहरू उभे आहेत आणि शेजारीच पाटी आहे, की येथे छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई आहे! या एका छायाचित्रात पापाराझीचा सगळा खट्याळपणा आहे आणि विखार मात्र थेंबभर नाही. नेहरूंना चोरून पकडलेले नाही. नेहरू आणि ती पाटी यांच्यातली गंमत तेवढी पकडली आहे.

व्यारावालाबाईंनी १९७० साली छायाचित्रण सोडले. पुढे चार दशके त्या जगल्या, पण धंद्यात परतल्या नाहीत. सबीना गडिहोक यांनी त्यांच्या आठवणी विचारून, ऐकून २००६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. बाईंनी सोडण्याचे जे कारण सांगितले ते असे, की नव्या छायाचित्रकारांचे वागणे त्यांना पाहवेना. त्यांच्या वेळी पोशाखाचेसुद्धा नियम होते. कुणाला किती जवळून टिपायचे, कुठे थांबायचे, हे न सांगता ठरलेले असे. ते गेले, तेव्हा त्याही गेल्या. एखाद्या गवयाने मैफलीत पान थुंकणारे श्रोते पाहून तंबोरा गवसणीत घालावा, तसे हे. या आठवणींची गोडी अशी, की त्या धंद्याच्या भरभराटीच्या नसून धंद्यातून उठून जाण्याच्या आहेत. गॅलेला कधी उठून गेला नाही. १९८२ साली न्यायालयाने पुन्हा दटावले तेव्हा त्याने त्या बाईचा नाद सोडला. धंदा सोडला नाही.

एक गोष्ट मात्र राहूनच जाते. हे सारे पाहणाऱ्यांचे झाले. जिच्याकडे पाहिले तिचे काय? मराठीत याचे उत्तर देणारे एक पुस्तक आहे, आणि मला ते या विषयावरच्या कोणत्याही परदेशी पुस्तकापेक्षा मोलाचे वाटते. १९७० साली निघालेले हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’. छायाचित्रांत आणि पडद्यावर जिला सगळ्यांनी पाहिले ती बाई इथे स्वतः बोलायला बसली, अरुण साधूंनी ते शब्दांकित केले. बाई दारू लपवत नाही, माणसे लपवत नाही, अपमान लपवत नाही. कुठल्याही पाळतकऱ्याला जन्मभर दाराबाहेर उभे राहून जे मिळाले नसते ते तिने आपल्या हाताने दार उघडून बाहेर मांडले. आणि आश्चर्य असे की एवढे सांगूनही तिची अब्रू जात नाही, वाढते. हेच दुसऱ्याने चोरून लिहिले असते तर त्याचे लफडे झाले असते. मजकूर तोच. दार कोणी उघडले, यावर सगळे अवलंबून.

दाराचा हा विचार आमच्या भागात पूर्वी कोणी केला नव्हता असे नाही. कन्नड तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी हैदराबादेत १८९२ साली एक जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायकांसाठी वेगळी जागा, आणि कॅमेऱ्यामागे केनी-लेव्हिक नावाची इंग्रज बाई. पुरुषाची नजर पडू नये म्हणून केलेली व्यवस्था. तिच्यातला पडदा आज आपल्याला मान्य होणार नाही, होऊही नये. पण छायाचित्र काढून घेणाऱ्या बाईला आपल्याकडे कोण पाहणार हे ठरवता यावे, ही कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत आलिया भट ही नटी आपल्या बैठकीच्या खोलीत बसलेली असताना शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून दोन माणसांनी तिचे छायाचित्र काढले, ते प्रसिद्ध झाले, आणि कुठलीशी सीमा असते ती तुम्ही ओलांडलीत, अशा आशयाचे तिला जाहीरपणे लिहावे लागले.

माझ्या वर्गातल्या मुलींना मी याविषयी विचारले. एक म्हणाली, “सर, पण एअरपोर्टवर त्याच हात हलवतात की.” खरे आहे. विमानतळावर उभे राहणाऱ्या छायाचित्रकारांना नटी केव्हा येणार याची वर्दी पुष्कळदा तिच्याच माणसांकडून मिळते, हे आता गुपित राहिलेले नाही. म्हणजे दाराबाहेरचा माणूस आता चोरही राहिला नाही, पगारी नसला तरी घरचाच झाला. त्या छायाचित्रांत काही घडत नाही. मोटारीचे दार उघडते, नटी उतरते, चालते, आत जाते. गॅलेलाच्या चोरीत निदान वारा होता. या नव्या मंडळींपैकी कोणी उद्या आठवणी लिहिल्या तर त्यांत काय असेल याची मला उत्सुकता आहे. पावसात सात तास उभे राहणे असेल, रखवालदाराशी झालेली दोस्ती असेल, रात्रीच्या शेवटच्या लोकलने घरी गेलेला भुकेला मुलगा असेल. ते त्याने मनापासून लिहिले, नट्यांना बाजूला ठेवून लिहिले, तर मराठीला एक चांगले पुस्तक मिळेल.

आमच्या गावाहून औट्रम घाट उतरला की चाळीसगाव. तिथे स्टेशनाजवळ एक दगडी घर आहे. कलामहर्षी केकी मूस यांचे. १९१२ साली मुंबईत जन्मलेला हा पारशी मुलगा विलायतेत कला शिकून आला, आणि मग सुमारे पन्नास वर्षे, १९८९च्या ३१ डिसेंबरला मरेपर्यंत, त्या घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. छायाचित्रे मात्र काढीत राहिला, बक्षिसे मिळवीत राहिला. बाहेर जायचे नाही म्हणून त्याने टेबलावरच जग मांडले. हाताशी असेल त्या वस्तूंतून देखावे उभे केले, उजेड पाडला, आणि ते असे टिपले की पाहणाऱ्याला ती खरी रानेवने वाटावीत. मुंबईची एक मुलगी पंजाब मेलने येईन म्हणाली होती, ती आली नाही. रोज त्या गाडीच्या वेळी हे दार उघडून ठेवीत, असे चाळीसगावचे लोक सांगतात. मी ते घर दोनदा पाहिले आहे. आता ते संग्रहालय आहे. दुसऱ्या खेपेस मी छायाचित्रांपेक्षा दरवाजाकडेच जास्त वेळ पाहत राहिलो. जगातल्या एवढ्या छायाचित्रकारांनी दुसऱ्यांच्या दारावर डोळे लावून आयुष्ये काढली. याने आपल्याच दारावर लावले. मूस यांच्या आठवणींचे पुस्तक कोणी लिहायला बसला तर त्यात प्रसंग फारसे सापडणार नाहीत. गाडीची वेळ तेवढी सापडेल.

आता माझ्याविषयी लिहायचे राहिले ते लिहून टाकतो.

माझी पहिली कादंबरी निघाली तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. तिच्यात एक बाई आहे. नवरा विहिरीत पडून गेल्यावर ती तिसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर धुणे धुवायला जाते. समीक्षकांना तो प्रसंग आवडला. एकाने त्यात मराठवाड्याच्या मातीचे काही तत्त्वज्ञानही पाहिले. खरी गोष्ट एवढीच, की ती बाई आमच्या शेजारच्या गल्लीतली होती आणि मी तिला आमच्या माडीच्या खिडकीतून पाहिले होते. तिने मला पाहिले नाही, असे मी समजत होतो. तिचे नाव मी बदलले, नवऱ्याचा धंदा बदलला, विहीर एका शेतातून दुसऱ्या शेतात नेली. पण धुण्याचा पिळा दगडावर आपटता आपटता ती मध्येच थांबून पाण्यात पाहत राहिली, ते बदलले नाही. कसे बदलणार? तेच तर हवे होते. व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९ साली ‘माणदेशी माणसं’ पुस्तकरूपाने आणली, तेव्हा आपल्या गावाकडची माणसे त्यांनी शब्दांत उभी केली. त्या माणसांत बसून, त्यांची भाकरी खाऊन. मी खिडकीत होतो. अंतर पंचवीस फुटांहून थोडे जास्तच असेल.

आमच्या गावातल्या एका जुन्या फोटोस्टुडिओवाल्या काकांशी एकदा हे बोललो. त्यांचा स्टुडिओ आता मुलगा चालवतो. तळे आणि हंस रंगवलेला पडदा अजून मागे गुंडाळून ठेवलेला आहे. पूर्वी घरातले म्हातारे माणूस गेले की तिरडी उचलण्याआधी फोटो काढायला यांना बोलावीत, कारण त्या माणसाचा जिवंतपणी फोटो निघालेलाच नसे. काका म्हणाले, “सर, मयताच्या फोटोला मी आत जाताना चपला काढायचो. उन्हाचे चटके बसायचे अंगणात. पण काढायचो.” मी विचारले, रडणाऱ्या बायका फोटोत येत असतील? “यायच्या. धुताना मी त्यांच्यावर कागद धरायचो. तेवढं पांढरं राहायचं.” असा एखादा फोटो तुम्ही कुठल्या तरी घरात पाहिला असेल. मधोमध म्हातारा, आणि दोन्ही बाजूंना धुके उतरल्यासारखा पांढरा डाग. मला इतकी वर्षे वाटे की तो फोटो खराब झाला आहे.

त्या बाईने माझे पुस्तक वाचले असेल असे मला कधी वाटले नव्हते. तिला वाचता येते की नाही हेही मी कधी विचारात घेतले नव्हते. गेल्या जूनमध्ये नातवाच्या दाखल्यासाठी ती शाळेत आली. मी अर्ज भरून दिला, तिने सही केली, स्वच्छ अक्षरांत, कान्यामात्रेची चूक न करता. कागद घडी करून पिशवीत ठेवला. मग दारापर्यंत गेली आणि थांबली.

“सर, तुमच्या त्या पुस्तकात निळं लुगडं लिहिलंय.”

मी काहीच बोललो नाही.

“हिरवं होतं,” ती म्हणाली, आणि नातवाला घेऊन गेली.

घरी येऊन मी माझ्याजवळच्या प्रतीत ते पान काढले आणि शिसपेन्सिलीने दुरुस्ती केली. दुसरी आवृत्ती निघालेली नाही.